तिसरं कडवं

ओबरवाइडन, १ डिसेंबर
आगमनकाळाचा पहिला रविवार

बुर्गी,

हे अक्षर बघून पाकीट चुलीत टाकू नकोस. टाकायचंच असेल तर वाचून टाक, कागद तेवढाच जळतो.

पत्ता कुठून मिळाला, म्हणशील. तुझ्या आईच्या शिवणाच्या डब्यात तुझी पत्रं सापडली, वर्षावर्षांचे गठ्ठे, लोकरीच्या धाग्यानं बांधलेले. वाचली नाहीत, शपथ. फक्त पाकिटामागचा पत्ता उतरवून घेतला. डेन्मार्क, स्वेनबोर्ग. गल्लीचं नाव तर जिभेला वळतच नाही. माझ्या नाकाखाली एवढं टपाल चाललं होतं आणि मला वास नाही! रोझिना म्हणजे साधी बाई, असं सगळं गाव म्हणायचं. साधी कसली, चांगली पोचलेली होती.

एप्रिलमध्ये तिला मातीत ठेवलं, तेव्हा तू चर्चमध्ये शेवटच्या बाकावर होतीस. मी पाहिलं. जेवणाआधीच तू बसनं निघून गेलीस. माझ्या शेजारची खुर्ची मी तुझ्यासाठी धरून ठेवली होती. आता सांगून काय उपयोग, पण ठेवली होती.

आज पहिली मेणबत्ती लावली. फांद्या मीच तोडून आणल्या, कडंही मीच वळलं. ते इतकं वाकडं झालंय की झेन्झी आली ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "उरबान, हे आगमनाचं कडं म्हणायचं की गाईच्या गळ्यातलं?" शेजारची झेन्झीमावशी तू विसरली नसशील. चर्चच्या किल्ल्या अजून तिच्याच कमरेला आणि गावच्या बातम्या अजून तिच्याच जिभेवर.

यंदाही मरियेची मूर्ती पंधरा ते तेवीस फिरणार, नऊ संध्याकाळ, नऊ घरं. पूर्वी ती आपल्याकडे मुक्कामाला यावी म्हणून लोक भांडायचे. आता झेन्झीला नऊ घरं जमवताना नाकी नऊ येतात. आपली पाळी अठराला आलीय. हो, तीच तारीख.

त्या तारखेबद्दल एकदाच लिहितो आणि विषय संपवतो. त्या संध्याकाळी आपल्या दिवाणखान्यात वीस माणसं होती. बर्फ पडत होता, मरियेला घेऊन येणाऱ्यांना उशीर झाला होता. दार वाजलं. आम्हाला वाटलं, आली मरिया. रीत तुला ठाऊक आहे. बाहेरच्यांनी मरिया-योसेफासाठी जागा मागायची, आतल्यांनी सराईवाला होऊन दोन कडव्यांत नाही म्हणायचं, तिसऱ्या कडव्याला दार उघडायचं. बाहेरून गाणं काही ऐकू आलं नाही, पण वारा इतका होता की ते वाऱ्यात गेलं असं वाटलं. आम्ही आपलं आमचं गायलो. बाहेर तू उभी आहेस हे कुणाला ठाऊक? दार उघडलं तर अंगण रिकामं, नुसती पावलं. दहा मिनिटांनी खरी मिरवणूक आली, तेव्हा झेन्झी म्हणाली, वाटेत बुर्गी दिसली, रडत होती. चूक झाली. पण चूकच ती, कुणाच्याही हातून झाली असती.

झेन्झी आणखी एक म्हणाली होती. तू पोटुशी दिसलीस. म्हणजे ते पोर आता दहा सरून अकराव्यात असेल. मुलगा की मुलगी, एवढं तरी कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझा बाप,
उरबान


ओबरवाइडन, ८ डिसेंबर
दुसरा रविवार

बुर्गी,

उत्तर नाही. ठीक आहे. मी तरी अकरा वर्षांत कुठे एक ओळ लिहिली होती.

आज चर्चमध्ये माझी फजिती झाली ती ऐक. आपले नवे फादर टाडेउश, पोलंडचे, पोरगेलेसे, चार गावं मिळून एकटेच. ते प्रवचनात म्हणाले की येशूजन्माच्या वृत्तान्तात सराईचा मालक नाहीच. उतरायला जागा नव्हती, एवढंच लिहिलंय. नाही कोण म्हणालं, दार कोणी लावलं, त्याचा पत्ता नाही. तो माणूस आपण मागाहून घातला, म्हणाले. झालं, सगळं चर्च मान वळवून माझ्याकडे बघायला लागलं. एकतीस वर्षं सराईवाला गातोय मी! माझ्या मागच्या बाकावर कोणीतरी फिदीफिदी हसलं सुद्धा.

मिस्सा संपल्यावर मी फादरांना दारातच गाठलं. म्हटलं, "मग इतकी वर्षं मी कोण होतो?"

ते म्हणाले, "ते तुम्हीच सांगा, उरबान."

घरी आलो, दुसरी मेणबत्ती लावली, आणि तेव्हापासून टेबलाशी बसलोय. दूध काढायची वेळ होत आली. तेव्हा सांगूनच टाकतो.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तुझी टकटक मी ओळखली होती.

दोनदा टकटक आणि मग नखानं खरडणं. पाच वर्षांची असल्यापासून तू तशीच दार वाजवायचीस, मांजर आलंय असं आम्हाला वाटावं म्हणून. खोलीत वीस माणसं होती, पण ती खूण दोघांनाच ठाऊक. मला, आणि आत तळणीपाशी उभ्या असलेल्या तुझ्या आईला. बाहेरून गाणं आलंच नव्हतं, वाऱ्याचं मी लिहिलं ती थाप. मी हात वर केला आणि सुरुवात केली, म्हणून बाकीच्यांनी सूर धरला.

मनात काय होतं तेही लिहितो. मनात होतं, ऐकू दे हिला दोन कडवी. दोन वर्षं तोंड दाखवलं नाही. घटस्फोट झालेल्या, बारा वर्षांनी मोठ्या, लुथरपंथी माणसाचा हात धरून गेली, आणि त्या शहाण्याला गाईच्या कुठल्या अंगाला बसून दूध काढतात तेही ठाऊक नाही. राहू दे उभी दोन कडवी थंडीत. तिसऱ्याला मी उघडणारच आहे. गाणं तिला पाठ आहे, तिला कळेल. असा हिशोब करून मी गायलो, आणि जन्मात गायलो नव्हतो तेवढ्या मोठ्यानं गायलो.

"जागा नाही, जागा नाही, पुढची वाट धरा,
कोण कुठले, काय ठावे, दारापासून सरा."

तिसऱ्याला दार उघडलं. पावलं फाटकापर्यंत गेलेली दिसत होती, अजून बर्फानं भरली नव्हती. धावलो असतो तर तू वळणावर सापडली असतीस. मी धावलो नाही. मागे वीस माणसं बघत होती. कोणीतरी म्हणालं, पोरं असतील, दार वाजवून पळाली. मीही म्हटलं, पोरंच ती.

तुझ्या आईनं कधी एका शब्दानं विचारलं नाही. मला वाटायचं, तळणीच्या आवाजात तिला ऐकूच गेलं नसेल. या मार्चमध्ये, तिच्या शेवटच्या आठवड्यात, मी तिला सूप भरवत होतो. दोन घोट घेतले आणि म्हणाली, "उरबान, दोन कडवी पुष्कळ झाली रे." ऐकलं होतं तिनं. अकरा वर्षं माझ्या पानात वाढत होती आणि गप्प होती. मी त्या दिवशी गोठ्यात जाऊन रडलो, तिच्यासमोर रडायचीही लाज वाटली.

आता राहिलं एक. दर आगमनकाळात मी एक मेंढी कोरतो, लिंडनच्या लाकडाची, मुठीएवढी. तुझ्या पोरासाठी. रोझिनाला सांगायचो, चर्चच्या गव्हाणीच्या देखाव्यासाठी आहे. ती माझ्याकडे टक लावून बघायची आणि म्हणायची, "त्या चर्चला मेंढ्या लागतात तरी किती? फादरांना लोकरीचा धंदा काढायचाय का?" यंदाची धरून अकरा झाल्या. एकीचा कान तुटलाय, बाकी धड आहेत.

बाबा


ओबरवाइडन, १९ डिसेंबर

बुर्गी,

तुझं कार्ड काल दुपारी आलं. दोनच ओळी, सही सुद्धा नाही. "मी पोटुशी नव्हते. तो आक्सेलचा कोट होता, मोठा होता आणि आत मी आईसाठी आणलेलं लोणीबिस्किटांचं डबडं होतं. आम्हाला मूल नाही."

आधी मी हसलो. खरंच सांगतो, एकटा स्वयंपाकघरात उभा राहून मोठ्यानं हसलो. मग खुर्चीवर बसून कार्ड पुन्हा वाचलं. अकरा वर्षं मी एक नातवंड वाढवत होतो गं मनातल्या मनात. यंदा त्याला पाचवीत घातलं होतं. दोनदा त्याचा दात पडला होता. आता रोझिना मेंढ्यांकडे तशी का बघायची ते कळलं. सांगितलं असतं तर तुमचं टपाल उघडं पडलं असतं, म्हणून बिचारी लोकरीचे विनोद करत बसली.

आणि मी तुला मुलाचं विचारलं. मुलगा की मुलगी, म्हणे. तुला किती लागलं असेल ते आता कळतंय. मला माफ कर. हे तीन शब्द लिहायला मला तीन पत्रं लागली.

झेन्झीला कार्ड दाखवलं. ती हटायला तयार नाही. "कोट तर कोट, पण पोटासारखा दिसत होता!" म्हणते.

काल अठरा होती. मी झेन्झीला आधीच सांगितलं होतं की यंदा मी सराईवाला गाणार नाही.

"डोकं फिरलं का तुझं? मग गाणार कोण?"

"तुझ्या नवऱ्याला गाऊ दे. घरात तुझ्यापुढे त्याचा आवाज फुटत नाही, माझ्या घरात फुटेल."

"आणि तू काय करणार?"

"बाहेर उभा राहणार. मरियेला घेऊन. योसेफ."

"या वयात योसेफ! त्याचे गुडघे दुखत नव्हते, उरबान."

"गाढव चालवत बेथलेहेमपर्यंत गेला, दुखत नसतील कशावरून?"

तर मी उभा राहिलो. माझ्याच अंगणात, माझ्याच दारासमोर, हातात लाकडी मरिया. ती इतकी जड आहे हे मला ठाऊक नव्हतं, आयुष्यभर मी तिला आत घेतलंय, आणलं कधीच नव्हतं. दार वाजवलं, जागा मागितली. आतून पहिलं कडवं आलं. वीस जणांचा आवाज, ऊब, हसणं, तळणाचा वास, आणि सगळे मिळून मला सांगतायत, चल पुढे. बुर्गी, आतून ते गाणं असतं. बाहेरून ते गाणं नसतं. दुसऱ्या कडव्याला मला खरोखर वाटलं, हे दार काही उघडत नाही. माझं दार! बिजागऱ्या मी बसवलेल्या!

आगमनकाळ म्हणजे वाट बघणं, असं लहानपणापासून ऐकतो. चार रविवार चार मेणबत्त्या लावायच्या आणि येशू येण्याची वाट बघायची. मी सत्तर वर्षं तसंच समजत होतो. काल अंगणात मला वाटलं, हे सगळं उलटंच आहे. तो केव्हाचाच आलेला आहे. बाहेर उभा राहून वाट बघतोय तो, आणि आपण आत शेकत बसून गातोय. मी काही फादर नाही, चुकत असेन. पण पाय गारठले की माणसाला काही गोष्टी लवकर कळतात.

म्हणून मी निघतोय. तेवीसला सकाळी बस, मग गाडी, आणि चोवीसला दुपारी तुझ्या गावात. लिंट्‌झ शहराच्या पलीकडे मी कधी गेलेलो नाही हे तुला ठाऊक आहे. गाई झेन्झीच्या मुलावर सोपवल्यात. तुला नको असेन तर फोन कर. नंबर तोच आहे. फोन आला नाही तर येतो.

बाबा


स्वेनबोर्ग, २४ डिसेंबर

बुर्गी,

फोन आला नाही. म्हणजे एकदा आला. एकवीसला मी अंघोळीत होतो, घंटा ऐकून तसाच ओलाचिंब धावलो. झेन्झी! "बॅग भरलीस का?" विचारायला. तिला जे बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

हँबुर्गला गाडी चुकली. एका बाईनं मला हाताला धरून दुसऱ्या गाडीत बसवलं, तिला माझी बोली कळत नव्हती आणि मला तिची. मेंढ्या मोज्यांत गुंडाळून आणल्यात, एका मोज्यात दोन. अकरावी टोपीत आहे. बरोबर आपलं धुरावलेलं मांस आणि काळी रोटी आणलीय, त्यातली निम्मी वाटेत संपली.

तुझ्या घरासमोर बाक आहे, तिथे बसून लिहितोय. इथे बर्फ नाही, नुसता चिकचिकाट. तुझ्या खिडकीत उजेड आहे. एक उंच माणूस पातेल्यात काहीतरी ढवळतोय. आक्सेलच असणार. केस पांढरे झालेत त्याचे. ते बघून मला वाईट वाटलं, का कोण जाणे. त्याच्यावर राग धरून बसायला मी त्याला अकरा वर्षं काळ्या केसांचाच ठेवला होता.

दाराला टपालाची फट दिसतेय. हा कागद आधी आत टाकतो आणि मग दार वाजवतो. माझं मागणं एकच. दोन कडव्यांवर तुझा हक्क आहे. गा तू, दोन्ही गा, मोठ्यानं गा. मी हलणार नाही. आणि दुसऱ्यानंतरही उघडलं नाहीस तर मेंढ्या पायरीवर ठेवून जाईन, रागावणार नाही.

तुझा बाप


स्वेनबोर्ग, २५ डिसेंबर
(याच कागदाच्या पाठीवर)

झेन्झीमावशी,

मी बुर्गी. बाबा पोचले. तुम्ही म्हणे दम दिला होता की काय झालं ते ताबडतोब कळवायचं, आणि ते काही लिहायच्या अवस्थेत नाहीत, त्यांना सर्दी झालीय. म्हणून मी लिहितेय. मागचं पत्र त्यांनी दारातून टाकायचं होतं. विसरले. आज सकाळी त्यांचा कोट वाळत घालताना खिशात मिळालं. तुम्ही ते वाचणारच, तेव्हा राजरोस वाचा.

काल चारच्या सुमाराला दार वाजलं. दोनदा टकटक आणि मग नखानं खरडल्याचा आवाज. माझी खूण, मावशी, माझ्याच दारावर. त्यांना सांगू नका, पण मी दुपारपासून दाराआड स्टूल घेऊन बसले होते. आक्सेल दर पाच मिनिटांनी विचारत होता, आता उघडणार आहेस की तिथेच जेवणार?

मी ठरवलं होतं, दोन्ही कडवी गायची. आमच्यात बोलणं झालेलं नसताना मला तेच सुचलं. अकरा वर्षं घशात अडकून होती ती. पहिलं कडवं गायले. आवाज असा लागला म्हणून सांगू! आतून आक्सेल धावत आला, काय झालं म्हणून. दुसरं सुरू करायला श्वास घेतला, आणि बाहेर पायऱ्या उतरल्याचा आवाज आला.

एक कडवं, आणि हा माणूस चालायला लागला! पत्रात बघा किती ऐटीत लिहिलंय, मी हलणार नाही म्हणून. एकतीस वर्षं ज्यानं ते गाणं गायलं, त्याला पुढे आणखी कडवी आहेत हे आठवेना.

मी तशीच पायमोज्यांवर धावले. फाटकापाशी गाठलं. पायरीवर मेंढ्या आधीच एका रांगेत मांडून ठेवल्या होत्या, त्यातल्या दोन माझ्या पायाखाली येता येता वाचल्या. मी त्यांची बाही धरली आणि ओरडले, "बाबा, कुठे निघालात? अजून दोन कडवी आहेत!"

ते वळले. रडत होते. म्हणाले, "मला वाटलं, तू खरंच नाही म्हणतेयस."

मी म्हटलं, "मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं, बाबा."

मग मी एक गोष्ट त्यांना सांगितली आणि तुम्हालाही सांगते. गाणं मला पाठ होतं. तिसऱ्याला दार उघडतं हे मला त्या संध्याकाळीही माहीत होतं. तरी मी दुसरं संपायच्या आत निघाले. थांबले असते तर, असं मी आईला एकदा लिहिलं होतं. तिनं उत्तरात फक्त एवढंच लिहिलं की दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच हट्टाची माणसं होती.

आता मेंढ्या खिडकीत उभ्या आहेत, तुटक्या कानाची सगळ्यात पुढे. गव्हाणी आमच्याकडे नाही, म्हणून बाबांनी आज आक्सेलला कामाला लावलंय, फळ्यांच्या खोक्याची बनवतायत. एकमेकांची भाषा येत नाही तरी दोघांचं खिळ्यांवरून भांडण झालं. तांदळाच्या खिरीत इथे लोक बदाम का लपवतात ते त्यांना पटलेलं नाही, पण बदाम आणि त्यावरचं बक्षीस त्यांनाच मिळालं आणि तेव्हापासून ते विरोधात बोलत नाहीत. गाईंना सांगा, ते सहा जानेवारीच्या राजांच्या सणानंतर येतील. मी सोबत येणार आहे, आक्सेलही. त्याला गाईच्या कुठल्या अंगाला बसायचं ते शिकायचंय.

आणि मावशी, तेवढा चष्मा बदला.

तिसरं कडवं राहूनच गेलं. कोणी गायलंच नाही. आम्ही दोघं फाटकात होतो, दार मागे सताड उघडं होतं, आणि आत आक्सेल ओरडत होता की घर गार पडतंय, आत या.

तुमची,
बुर्गी